थंडीनं पोट उतरतं का? रंकाळ्यावरच्या पहाटा आणि माझी साखर

भट्टीवाला | १८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मंडळी, राम राम.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीला ओतकामाच्या कारखान्यात आहे. एकवीस वर्षं भट्टीसमोर गेली. वय ४७, उंची पाच फूट सहा इंच, वजन ६५. बघणारा मला सडपातळच म्हणेल. गेल्या वर्षी ऑक्टोबरात तपासणी झाली, त्यात एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.२ आलं आणि कमरेचा घेर भरला ९४ सेंटीमीटर. आमच्या वडलांना साखर होती, शेवटी पायाचं बोट काढावं लागलं होतं. रिपोर्ट हातात घेऊन मी गाडीवर किती वेळ नुसताच बसून होतो.

त्याच आठवड्यात पुतण्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. बर्फाच्या टबात बसायचं, आठवड्याला एकूण अकरा मिनिटं, की पोटाची चरबी वितळते आणि साखर उतरते. तो लगेच निळा ड्रम आणि बर्फाच्या लाद्या आणायला निघाला होता. मी म्हटलं, थांब. लोखंड ओतायच्या आधी आम्ही तापमान बघतो, अंदाजानं ओतत नाही. इथं तर माझंच शरीर आहे. भाची शरीरक्रियाशास्त्रात एम.एस्सी. करते. तिला घेऊन बसलो, वाचलं, आणि गेला हिवाळा स्वतःवर करून बघितलं. ते सगळं इथं मांडतो. चुकत असेल तिथं सांगा.

आपल्या अंगात दोन तऱ्हेची चरबी असते. पांढरी साठवणारी, तपकिरी जाळणारी. तपकिरी चरबीच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या, खच्चून भरलेले असतात, त्यांच्यातल्या लोहामुळं तिला तो रंग येतो. भाचीनं मला हे राधानगरी धरणावरून समजावलं. धरणातलं पाणी वीजघरातून गेलं तर वीज मिळते. पण धरण भरलं की स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि पाणी वीज न करताच धो धो खाली येतं. पेशीतसुद्धा अन्नाच्या ऊर्जेवर असंच एक धरण भरत असतं आणि एरवी त्यातून पेशीच्या कामाची 'वीज' तयार होते. तपकिरी चरबीत युसीपी-१ नावाचं प्रथिन म्हणजे तो दरवाजा. थंडी वाजली की मेंदूच्या हुकमानं मज्जातंतूंतून नॉरअॅड्रेनलिन सुटतं, दरवाजा उघडतो आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते.

पूर्वी समजूत अशी होती की ही चरबी तान्ह्या बाळांतच असते, मोठेपणी नाहीशी होते. २००९ साली एका वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात तीन शोधनिबंध आले, बॉस्टन, नेदरलँड्समधलं मास्ट्रिख्ट आणि फिनलंड इथले. मोठ्या माणसांतही ती मानेच्या तळाशी, गळ्याच्या हाडाच्या वर आणि पाठीच्या कण्यालगत असते आणि थंडीत जागी होते हे त्यांनी पेट स्कॅनवर, म्हणजे अंगात ऊर्जा कुठं जळते ते दाखवणाऱ्या तपासणीत, दाखवलं. मास्ट्रिख्टमध्ये २४ पुरुषांना १६ अंशांत बसवलं, त्यातल्या २३ जणांत ती सापडली. जे जाड होते त्यांच्यात कमी.

आता कोल्हापुरात थंडी म्हणजे किती? मी थर्मामीटर घेऊन फिरलो. बहिणीच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी जानेवारीतसुद्धा २५ अंश. गच्चीवरच्या टाकीचं पहाटे १८. रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला साडेपाचची हवा १४ ते १६, वारा असला की अंगाला त्याहून गार लागते. जपानमध्ये २०१३ साली ज्यांच्यात तपकिरी चरबी जवळजवळ दिसतच नव्हती अशा तरुणांना रोज दोन तास १७ अंशांत बसवलं होतं, सहा आठवडे. ती चरबी जागी झाली आणि अंगावरची एकूण चरबीही थोडी घटली. म्हणजे जो गारवा त्यांना यंत्रानं तयार करावा लागला तो आपल्याला डिसेंबर-जानेवारीत उंबऱ्याबाहेर मिळतो. बर्फाची लादी कशाला आणायची?

मग मी सुरू केलं. अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट, स्वेटर नाही, मफलर नाही, साडेपाच ते सात रंकाळ्याला फेऱ्या, घरी येऊन टाकीच्या पाण्यानं अंघोळ. पन्नासेक दिवस झाले. फेब्रुवारीत एचबीए१सी ५.८, घेर ९१, वजन ६४. उन्हाळा-पावसाळा गेला आणि या ऑक्टोबरात पुन्हा ६.१.

मला वाटतं की थंडीनं काम केलं. पण मी चालतही होतो आणि रात्रीचा भात अर्धा केला होता, हेही लिहायलाच हवं. तुमचे अनुभव सांगा.

---

मंगळवार पेठ | १८ नोव्हेंबर, रात्री १०:१५

दादा, ही खरी माहिती. आमच्या गल्लीत दोघंजण ड्रम घेऊन बसलेत, त्यांना हा धागा पाठवलाय. एक विचारतो. तुम्ही तर सडपातळ, मग साखर कशी काय आली?

---

भट्टीवाला | १८ नोव्हेंबर, रात्री १०:५०

मलाही तोच प्रश्न पडला होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्य याच प्रश्नाला दिलंय. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच एक फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण वरून बारीक, आतून चरबीचे. हातापायांत स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त. म्हणून आपल्याकडं पुरुषांच्या कमरेची मर्यादा ९० सेंटीमीटर धरतात. वजनकाट्यावर समाधान मानू नका, घरातली शिवणाची टेप घ्या.

---

शाहूपुरीची लेक | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

या विषयावर कळकळीनं लिहावं असं वाटलं, कारण माझी मोठी बहीण यात पैसे घालवून बसली आहे. 'चरबी गोठवण्याच्या' उपचाराला तिनं चाळीस हजार रुपये भरले. तिला सांगितलं होतं की थंडीनं चयापचय वाढतो आणि साखरही कमी होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला नंतर वाचून कळलं.

तो उपचार म्हणजे क्रायोलिपोलिसिस. चरबीच्या पेशी कातडीच्या मानानं थंडीला लवकर दबतात. बर्फाच्या कांड्या चोखणाऱ्या लहान मुलांच्या गालातली चरबी आत बसते हे डॉक्टरांनी पूर्वीच बघून ठेवलं होतं, त्यातून ही कल्पना निघाली. अमेरिकेत २०१० पासून त्याला परवानगी आहे. पण तिथं कमरेवरची एक वळी दोन थंडगार पट्ट्यांत धरून ठेवतात आणि तेवढ्याच जागची पांढरी चरबी काही आठवड्यांत थोडी कमी होते. तपकिरी चरबी जागी होत नाही. आतड्यांभोवतीच्या चरबीला, जी साखरेला कारण होते, हातही लागत नाही. क्वचित कुणाला त्याच जागी उलटी चरबी वाढून घट्ट गाठ येते. बहिणीची वळी थोडी बसली, साखर जिथल्या तिथं.

काल हा धागा वाचून तिचा फोन आला. म्हणाली, 'उद्यापासून मी रंकाळ्यावर जातो, तू पण चल.'

---

हिशेबी | १९ नोव्हेंबर, दुपारी १:२०

आकडे मांडून बघू या.

एक बादली १५ लिटर. २० अंशांचं पाणी अंगावरून ओघळताना समजा दोन अंशांनी तापलं. १५ गुणिले २, म्हणजे ३० किलोकॅलरी उष्णता अंगातून गेली. एका पावाचा चौथा-तिसरा हिस्सा. त्यातही बरीचशी कातडीत साठलेली ऊब असते. ती भरून काढायला शरीर लगेच चरबी जाळतं असं नाही, आपण टॉवेल गुंडाळून चहा घेतो. फ्रीजमधलं गार पाणी प्यायल्यानं चरबी जळते म्हणतात. ५ अंशांचं एक ग्लास ३७ अंशांवर आणायला आठ किलोकॅलरी लागतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी. भागाकार तुम्हीच करा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २०१४ साली पाच पुरुषांना चार महिने तापमान ठरवलेल्या खोलीत झोपवलं. पहिला महिना २४ अंश, दुसरा १९, मग पुन्हा २४, शेवटी २७. एकोणीसच्या महिन्यात तपकिरी चरबी ४२ टक्क्यांनी वाढली, इन्सुलिनचा गुणही सुधारला. सत्तावीसच्या महिन्यात सगळं पुसलं गेलं. वजन? चारही महिने तेच. ऑक्टोबरात तुमचा आकडा परत ६.१ वर का गेला याचं उत्तर कदाचित यातच आहे, दादा. आपला एप्रिल-मे सत्तावीसच्या बराच वर असतो.

अजून एक. थंड पाण्यात व्यायाम केला की भूक खवळते. २० अंशांच्या पाण्यात पाऊण तास सायकल मारून आलेल्यांनी कोमट पाण्यातल्यांपेक्षा ४४ टक्के जास्त खाल्लं होतं. पहाटे गारठून आलेला कोल्हापूरकर मिसळीच्या दुकानासमोरून सरळ घरी जाईल का, हा प्रश्न मला तपकिरी चरबीपेक्षा मोठा वाटतो.

---

तांबडी माती | १९ नोव्हेंबर, रात्री ८:३०

राम राम. मी पंधरा वर्षं तालमीत काढली, आता पोरांना शिकवतो.

आमचे वस्ताद म्हणायचे, 'घाम मुरू दे, मग पाणी घे.' जोर-बैठका झाल्या, लढती झाल्या, की अंगाला माती लावून पोरं पडून राहायची. तास-दीड तासानं अंघोळ, आणि ती गारच. तवा कुणी कारण विचारत न्हवतं. आता नवी पोरं मोबाईलवर बघत्यात, परदेशी पैलवान बर्फात बसतोय, मग व्यायाम झाला की लगेच बर्फ. मी न्हाई म्हणतो, तर मला जुनाट म्हणत्यात. यावर कुठं काय अभ्यास झालाय का? माझा जीव तुटतो, कारण पोरं गावाकडनं येत्यात, आई-बाप म्हशीच्या दुधाचं पैसं पाठवत्यात. अंग भरायचं वय वाया जायला नको.

---

नाडी | १९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

वस्ताद, तुमच्या वस्तादांचं म्हणणं अभ्यासात खरं ठरलेलं आहे. ऑस्ट्रेलियात २०१५ साली तरुणांना बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली. अर्ध्यांना व्यायामानंतर लगेच १० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बसवलं, उरलेल्यांना सायकलवर सावकाश पाय मारायला लावले. बर्फवाल्यांचे स्नायू आणि ताकद दोन्ही कमी वाढले. व्यायामानंतर स्नायूत जी डागडुजी सुरू होते ती थंडीनं दबते. स्पर्धेत एका दिवशी दोन कुस्त्या असतील तर मधे गार पाणी घेण्यात वावगं नाही, दुखणं कमी वाटतं. पण अंग कमावण्याच्या दिवसांत व्यायाम झाल्या झाल्या बर्फ नको. पोरांना माझं नाव सांगून सांगा.

मी डॉक्टर आहे, बहुतेक रुग्ण साखर आणि रक्तदाबाचे. म्हणून या धाग्यावर मला थोडं सविस्तर लिहायचं आहे.

विहिरीच्या २५ अंशांच्या पाण्याचं मला भय नाही. भय आहे ते ड्रमचं. १५ अंशांखालच्या पाण्यात एकदम उतरलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात श्वास आपोआप ओढला जातो, धाप लागते, नाडी आणि रक्तदाब झपकन चढतात. तो श्वास पाण्याखाली ओढला गेला तर पाणी फुप्फुसात. दोन-तीन मिनिटांत हे शमतं, पण ज्याच्या हृदयाच्या नळीत आधीच अडथळा आहे त्याच्यासाठी ती दोन-तीन मिनिटं जड जातात. आणि डोकं बुडवून श्वास कोंडला की दुसरीच ओढ सुरू होते. चेहऱ्याला गार पाणी लागलं की नाडी मंदावते, अंगाला लागलं की वाढते. दोन्ही हुकूम हृदयाला एकाच वेळी मिळतात आणि ठोके बिघडतात.

गेल्या पौषात एक बासष्ट वर्षांचे गृहस्थ माझ्याकडे आणले होते. मुलानं हौसेनं टब आणला होता, गृहस्थ त्यात उतरले आणि उठताना कोसळले. वाचले. त्यांची रक्तदाबाची गोळी चालू होती आणि कुणालाही न विचारता ते उतरले होते. त्यांच्या बायकोचा तेव्हाचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून एवढं लिहितोय.

साखरेच्या रुग्णांना आणखी दोन गोष्टी. पायाची संवेदना गेली असेल तर थंडीही कळत नाही आणि इजाही कळत नाही, अनवाणी फिरू नका. आणि इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणारी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी कुडकुडू नका. हुडहुडीत स्नायू साखर ओढतात. साखर घसरल्याचा थरथराट आणि थंडीचा थरथराट यांतला फरक त्या क्षणी ओळखू येत नाही.

---

परदेशी पाखरू | २० नोव्हेंबर, पहाटे ३:१०

मी मूळची राजारामपुरीची, नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये आहे. इथं नोव्हेंबरपासून बाहेर पाच-सहा अंश. तरी इथले लोक जाड आहेत आणि मधुमेहीही आहेत. कारण साधं आहे. घर २१ अंशांवर, बस गरम, ऑफिस गरम, बाहेर पडलं की अंगावर जाड कोट. थंडी खिडकीबाहेर असते, अंगापर्यंत पोचतच नाही. मी कोल्हापुरात असताना हिवाळ्यात जास्त गारठायचे.

आणि आपल्या लोकांसाठी एक महत्त्वाचं. इथल्या लायडनमध्ये २०१४ साली दक्षिण आशियाई वंशाचे आणि गोरे असे सडपातळ तरुण घेऊन तुलना केली होती. आपल्यांत तपकिरी चरबी ३४ टक्क्यांनी कमी निघाली आणि गार करत नेलं तर आपले तरुण दोन अंश आधीच कुडकुडायला लागले. त्याच्या आधीच्या दुसऱ्या एका डच अभ्यासात मात्र असा फरक दिसला नव्हता, म्हणून मी हे शेवटचं उत्तर मानत नाही. पण युरोपातल्या माणसाला जी 'सौम्य थंडी' ती आपल्याला सौम्य नसेल, एवढं डोक्यात ठेवायला हरकत नाही.

ती 'अकरा मिनिटं' डेन्मार्कची. २०२१ साली कोपनहेगनच्या आठ तरुणांचा अभ्यास झाला. ते आधीपासूनच हिवाळ्यात समुद्रात पोहणारे आणि मग सौनात बसणारे होते. ते आठवड्याला सरासरी तेवढा वेळ पाण्यात असायचे, एवढंच. तेवढ्यानं नवख्या माणसाची चरबी किंवा साखर उतरते का, हे तिथं तपासलेलं नव्हतं.

---

उमा आजी | २० नोव्हेंबर, सकाळी ९:४५

नातवाला सांगून लिहून घेते आहे. माझं वय ७४. आम्ही लहानपणी आईबरोबर माघस्नानाला पंचगंगेच्या घाटावर जायचो. काळोखात जायचं, ओल्या लुगड्यानं परत यायचं, वाटेत दात वाजायचे. घरी आलं की चुलीपुढं बसून आई बाजरीची भाकरी द्यायची. आता नदीचं पाणी पूर्वीचं राहिलं नाही, म्हणून त्यात उतरा असं मी कुणाला सांगणार नाही.

मला विचारायचं आहे ते बाळाबद्दल. नातसुनेला महिन्यापूर्वी मुलगी झाली. हे वाचून नातू म्हणतो, बाळात ही चरबी भरपूर असते, तर कुंची कशाला घालता?

---

नाडी | २० नोव्हेंबर, दुपारी २:३०

आजी, कुंची घालाच. बाळाला कुडकुडता येत नाही, म्हणून निसर्गानं त्याच्या दोन खांद्यांच्या मधे आणि मूत्रपिंडांभोवती ही चरबी दिली आहे. ती त्याची अडीअडचणीची शिदोरी आहे. बाळ उघडं ठेवलं तर वाढीसाठी खाल्लेलं दूध ऊब टिकवण्यात खर्च होतं, आणि शिदोरी संपली की बाळ गार पडतं. डोकं झाका, आईच्या छातीशी धरा. शेगडी मात्र बंद खोलीत नको, धूर आणि विषारी वायू कोंडतो. नातवाला सांगा, हा धागा मोठ्या माणसांसाठी आहे.

---

शाहूपुरीची लेक | २० नोव्हेंबर, दुपारी ३:१०

डॉक्टर, मला थायरॉइड आहे. बाकीचे पंखा लावतात तेव्हा मी शाल घेते. बहीण निघाली आहे, पण मी जाऊ का?

---

नाडी | २० नोव्हेंबर, रात्री ९:१५

थायरॉइडचं संप्रेरक कमी असलं की शरीराची भट्टीच मंद असते. थंडी सोसण्याची जिद्द धरून ती पेटत नाही. आधी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा, गोळीची मात्रा जमली का बघा. ती जमली की गारठा आपोआप सोसवतो. तोवर स्वेटर घालून फिरायला जा. चालण्याचा फायदा स्वेटरनं कमी होत नाही.

---

हिशेबी | २३ नोव्हेंबर, सकाळी ११:००

धागा उघडल्यापासून मला एक गोष्ट खटकत होती, आज सापडली. भट्टीवाले दादा, तुमच्या तपकिरी चरबीच्या बाजूनं सगळ्यात जोरदार अभ्यास मास्ट्रिख्टचाच आहे. २०१५ साली टाइप २ मधुमेहाच्या आठ रुग्णांना दहा दिवस, दिवसाचे सहा तासांपर्यंत, १४-१५ अंशांत बसवलं. इन्सुलिनची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच इन्सुलिनवर साखर ओढून घेण्याची ताकद, सरासरी ४३ टक्क्यांनी वाढली. दहा दिवसांत एवढं म्हणजे फार मोठी गोष्ट. पण कुठं वाढली? तपकिरी चरबीत वाढ अगदी थोडी. खरी करामत स्नायूंत. पेशीच्या आत दडून बसलेले ग्लूट-४ नावाचे साखरेचे हमाल स्नायूंच्या दारात येऊन उभे राहिले.

मग त्याच गटानं २०२१ साली पुन्हा करून बघितलं. या वेळी तापमान थोडं वर ठेवलं, कुणाला हुडहुडी भरणार नाही असं. फायदा दिसला नाही. आणि २०२४ साली जाड माणसांना दहा दिवस रोज तासभर तरी कुडकुडवलं, तेव्हा साखर, रक्तातली चरबी आणि रक्तदाब, तिन्हींत सुधारणा.

म्हणजे साखर ओढते ती हुडहुडी, आणि हुडहुडी म्हणजे स्नायूंचं बारीक बारीक आकसणं.

---

भट्टीवाला | २३ नोव्हेंबर, रात्री १०:३०

हिशेबी भाऊ, तुमचं वाचून दिवसभर डोक्यात तेच चाललं होतं. मी वर्षभर मनाशी धरून होतो की गळ्याच्या हाडाच्या वर काहीतरी पेटलं आणि त्यानं साखर जाळली. आता आठवून बघतो तर पहिल्या दोन आठवड्यांत मी चांगला कुडकुडायचो. हनुवटी थरथरायची, पोटऱ्या ताठ व्हायच्या. जानेवारीत सवय झाली, थरथर गेली, आणि मी ते यश समजलो.

स्नायू आकसल्यानंच साखर जात असेल तर थंडीची वाट बघायची गरज उरत नाही. ज्या गावात १९१२ साली शाहू महाराजांनी खासबागेत कुस्तीचं मैदान उभं केलं, ज्या गावात पेठेपेठेत तालीम आहे, त्या गावातला मी, एकदाही बैठक मारली नाही आणि बर्फाचा विचार करत बसलो. वस्ताद, ४७ वर्षांच्या माणसाला किती बैठकांनी सुरू करता येईल?

---

तांबडी माती | २३ नोव्हेंबर, रात्री ११:१०

भावा, दहानं सुरू कर. पहिल्या आठवड्यात दहाच, मन म्हणालं तरी अकरावी न्हाई. गुडघा दुखला तर भिंतीला हात टेकून. मग दर आठवड्याला पाच वाढव. जोर भिंतीवर मार, जमिनीवर नंतर. दिवसातनं दोन वेळा, आणि एक वेळ रात्रीच्या जेवणानंतर अर्ध्या तासानं हलक्या दहा. मांड्या आणि कुल्ल्यांचं स्नायू अंगातलं सगळ्यात मोठं. तिथं काम दिलं की खाल्लेलं तिथंच जातंय, हे आम्हाला कुणी शिकवलं न्हवतं, पण आमच्यातल्या जुन्या म्हाताऱ्या पैलवानांत ज्यांनी मेहनत सोडली आणि खुराक सोडला न्हाई, त्यांनाच साखर झालेली बघितलीय मी.

---

नाडी | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:००

जेवणानंतरच्या बैठकांबद्दल वस्तादांशी पूर्ण सहमत. ज्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला साखरेनं इजा झाली आहे त्यांनी जोर लावण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावं.

थंडीला मी मोडीत काढत नाही. पहाटेचा गारवा अंगावर घेऊन चालणं बहुतेकांना सुरक्षित आहे. लवकर उठणं होतं, मन ताजं होतं. नेदरलँड्समध्ये तीन हजार माणसांवर प्रयोग झाला होता, अंघोळीच्या शेवटी तीस ते नव्वद सेकंद गार पाणी, महिनाभर. त्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी झाल्या, आजारपणाचे दिवस मात्र तेवढेच राहिले. म्हणजे आजारी असूनही कामावर जायचा उत्साह वाढला. हा उत्साह मला खरा वाटतो. फक्त त्याला पोट उतरवण्याचं औषध म्हणू नका.

---

मंगळवार पेठ | ३० नोव्हेंबर, रात्री ९:००

आमच्या गल्लीतला एक ड्रम रिकामा झाला. तुळस लावलीय त्यात. दुसरा गडी अजून ऐकत नाही, पण डॉक्टरांचं वाचून इसीजी काढून आला आणि आता एकटा उतरत नाही, भाऊ बाजूला उभा असतो.

---

शाहूपुरीची लेक | ९ जानेवारी, सकाळी ७:५०

टीएसएच वाढलेलं निघालं, गोळी वाढवली. गेले चार दिवस बहिणीबरोबर जाते आहे, स्वेटर घालून. ती घालत नाही. शालिनी पॅलेसच्या बाजूला धुकं असतं, समोरचं माणूस दिसत नाही, नुसत्या चपला ऐकू येतात.

---

भट्टीवाला | १६ फेब्रुवारी, रात्री ९:२०

या फेब्रुवारीचे आकडे देतो. या हिवाळ्यात पहाटेच्या फेऱ्या तशाच, थंडीही तशीच. नवीन एकच, बैठका. दहावरून साठवर आलोय, दोन वेळा. एचबीए१सी ५.६. घेर ८९. वजन ६५, म्हणजे मागच्या फेब्रुवारीपेक्षा एक किलो जास्त, आणि पॅन्ट मांडीला घट्ट होते आहे. वजन वाढून साखर उतरली, हे मला मागच्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

हा एका माणसाचा हिशेब आहे. थंडीनं किती, चालण्यानं किती, बैठकांनी किती, हे मी वेगळं करून दाखवू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये गारवा नसेल, बैठका असतील. तेव्हा जूनचा आकडा काय येतो तो याच धाग्यावर टाकतो.

---

तांबडी माती | १६ फेब्रुवारी, रात्री ९:४०

साठवर आता महिनाभर थांब, भावा. उन्हाळा लागला की पहाटे पाचलाच उरकायच्या. आणि रविवारी तालमीत ये, जोर बरोबर पडत्यात का बघतो.

---

भट्टीवाला | १६ फेब्रुवारी, रात्री ९:४५

येतो, वस्ताद. पुतण्यालाही आणतो.